दोरा तुटला आणि मशीन जमलं: आयझॅक सिंगरची गोष्ट, आजीच्या मशीनसकट

एरवी आपण इथे फोन, ॲप आणि अपडेट यांच्याबद्दल बोलतो. आज जरा जुन्या हार्डवेअरकडे वळूया. इतकं जुनं, की त्याला चार्जिंग लागत नाही, नेटवर्क लागत नाही, आणि तरीही ते बिघडलं की घरातले सगळे तुमच्याकडेच बघतात, कारण तुम्ही इंजिनिअर!

माझी आजी धुळ्याला राहते. तिच्या ओसरीत एक काळं सिंगर मशीन आहे. पायाने चालवायचं, अंगावर सोनेरी नक्षी, आता अर्धी पुसलेली. याच मशीनवर ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवून तिने माझ्या आईचं जळगावचं कॉलेज पूर्ण केलं. गेल्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा मशीन बंद होतं. टाके वरून बरे दिसायचे, पण कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं. दोन-चार इंच शिवलं की दोरा तट्कन तुटायचा. दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं की याचे दिवस संपले, भंगारात द्या. आजी काही बोलली नाही. फक्त मशीनवर जुनी साडी टाकून ठेवली होती.

मी सॉफ्टवेअरवाला. मला शिवण येत नाही, पण बग शोधता येतो. म्हणून वाचायला बसलो. आणि वाचताना कळलं की ज्या माणसाचं नाव त्या मशीनवर सोनेरी अक्षरांत आहे, त्यालाही पहिल्याच रात्री जवळजवळ हाच बग आला होता. चला तर मग, आधी त्या माणसाला भेटूया.

घरातून पळालेला मुलगा

आयझॅक मेरिट सिंगरचा जन्म २७ ऑक्टोबर १८११ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या पिट्सटाउन गावचा. वडील जर्मनीतून आलेले. घरची परिस्थिती बेताची. १२ वर्षांचा होण्याच्या सुमारास पोराने घर सोडलं. शाळा फारशी झालीच नाही. पुढे तो मशीनच्या कारखान्यात काम शिकायला लागला, पण मन रमलं नाटकात. उंच, धिप्पाड, आवाज मोठा. नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरायचं, पैसे संपले की कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये हातोडी उचलायची, असं त्याचं बरीच वर्षं चाललं.

१८३९ मध्ये त्याने खडक फोडायचं ड्रिलिंग मशीन बनवलं आणि त्याचे हक्क २,००० डॉलरला विकले. तेव्हा ही रक्कम मोठी होती. शहाण्या माणसाने जमीन घेतली असती. सिंगरने नाटक कंपनी काढली! काही वर्षांत पैसे संपले आणि कंपनीही संपली.

मग त्याने छपाईसाठी लाकडावर आणि धातूवर अक्षरं कोरायचं मशीन बनवलं. १८४९ मध्ये त्याचं पेटंटही मिळालं. पण न्यूयॉर्कच्या वर्कशॉपमध्ये बॉयलर फुटला आणि मशीनचा नमुना नष्ट झाला. जॉर्ज झीबर नावाच्या माणसाने त्याच्यावर विश्वास ठेवून पुन्हा पैसे घातले. नवं मशीन घेऊन दोघं १८५० मध्ये बोस्टनला आले आणि ऑर्सन फेल्प्स याच्या वर्कशॉपमध्ये जागा घेतली. अक्षरं कोरायच्या मशीनला गिऱ्हाईक काही मिळालं नाही. चाळिशीला टेकलेला माणूस, हातात काही नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन स्टार्टअप बुडालेले.

दुरुस्तीच्या टेबलावर सापडलेला बग

फेल्प्सच्या वर्कशॉपमध्ये शिलाई मशीन बनायची. डिझाइन दुसऱ्यांचं, लेरो आणि ब्लॉजेट यांचं. त्यांना कटकटी खूप होत्या, आणि विकलेली मशीन दुरुस्तीला परत यायची. म्हणजे शिलाई मशीन तेव्हा अस्तित्वात होतं, फक्त धड चालत नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण शिलाई मशीनचा शोध सिंगरने लावला असं आपण सर्रास म्हणतो, ते बरोबर नाही.

सिंगरने ती मशीन पाहिली. त्यातलं शटल गोल फिरायचं. शटल म्हणजे खालचा दोरा घेऊन फिरणारा भाग. ते एकाच दिशेने गोल गोल फिरल्यामुळे प्रत्येक फेरीला दोऱ्याचा पीळ बदलायचा, आणि असा दोरा कमजोर होऊन तुटायचा. सुई वाकडी होती आणि आडवी चालायची. सिंगरने सुचवलं की शटल गोल न फिरवता पुढे-मागे सरळ जाऊ दे, आणि सुई सरळ ठेवून वर-खाली चालू दे. कापड आडव्या पाटावर सपाट राहील, वरून एक हात पुढे आलेला असेल, आणि कापड दाबून धरायला पाय असेल.

आता तुमच्या घरातलं कुठलंही मशीन डोळ्यासमोर आणा. दिसलं ना? जुन्या सिंगरपासून आजच्या मोटरवाल्या मशीनपर्यंत, बाहेरचा सांगाडा तोच.

११ दिवस, ४० डॉलर आणि विसरलेला ताण

झीबरने ४० डॉलर काढले आणि सिंगर कामाला लागला. नमुना ११ दिवसांत तयार झाला. शेवटच्या रात्री सगळे भाग जोडले, दोरा ओवला, चाक फिरवलं. टाका काही घट्ट बसेना. वर्कशॉपमधले कामगार एकेक करून निघून गेले. सिंगर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता, झीबर दिवा धरून उभा होता. मध्यरात्रीच्या सुमारास दोघांनीही हार मानली आणि मुक्कामाच्या हॉटेलकडे निघाले.

वाटेत दोघं फळ्यांच्या एका ढिगावर बसले. बोलता बोलता झीबरने एक साधी गोष्ट नोंदवली. धाग्याची सैल वेटोळी दिसत होती ती सगळी कापडाच्या वरच्या बाजूला होती. तेवढ्यावर सिंगरची ट्यूब पेटली. सुईतल्या दोऱ्याला ताण द्यायचाच राहिला होता! दोघं परत फिरले. ताण बसवला, चाक फिरवलं. पाच टाके अगदी पक्के पडले. आणि मग दोरा तुटला.

पण पाच टाके पुरेसे होते. मशीन चुकीचं नव्हतं, सेटिंग चुकलं होतं. ही हकीकत सिंगरने पुढे स्वतः सांगितली. तो नट होता, तेव्हा थोडं मीठ-मसाला लावला असेल असं धरून चला. पण मला त्यातला झीबर जास्त आवडतो. त्याने उपाय सुचवला नाही, फक्त वेटोळी कुठल्या बाजूला आहेत ते पाहिलं. आमच्याकडे याला लॉग वाचणं म्हणतात.

तोच लॉग आपल्या मशीनवर कसा वाचायचा?

आधी टाका कसा पडतो ते समजून घ्या. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते. वर येताना त्या दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटलचं टोक त्या फासात शिरतं आणि खालचा, म्हणजे बॉबिनचा दोरा त्यातून जातो. मग वरचा लिव्हर दोरा ओढून घेतो आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या दोन थरांच्या मधोमध बसते. ही एक प्रकारची रस्सीखेच आहे. दोन्ही बाजूंचा जोर सारखा, तर गाठ मध्ये. एक बाजू ढिली पडली की गाठ दुसऱ्या बाजूला सरकते.

आपल्या घरच्या मशीनवर दोऱ्याचं जाळं बहुतेक वेळा खाली दिसतं. खाली दिसतं म्हणून सगळे बॉबिनला शिव्या देतात. पण खाली लोंबणारा दोरा असतो वरचा! वरून कोणी त्याला ओढून धरत नाही, म्हणून तो खाली साचतो. उलट, खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे. दोन वेगळ्या रंगांचे दोरे लावून चिंधीवर शिवून बघा, गुन्हेगार लगेच सापडेल.

आता क्रम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर चिंधीवर दहा टाके घालायचे.

१. काही हलवण्याआधी फोनने फोटो काढा. दोरा कुठून कुठे जातो, ताणाचा स्क्रू कुठे आहे, सगळं. हा तुमचा बॅकअप.

२. वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला हवा. तो वर असला की ताणाच्या दोन चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. पाय खाली ठेवून ओवला तर दोरा चकत्यांच्या बाहेरच राहू शकतो. मग ताण किती का वाढवा, उपयोग शून्य.

३. सुई बदला. बोथट किंवा किंचित वाकलेली सुई टाके चुकवते आणि दोरा तोडते. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते. ज्या बाजूने दोरा ओवायचा, त्या बाजूला ही खाच हवी. सुई उलटी बसली की शटलला फास सापडत नाही.

४. दोरा तपासा. सुती दोऱ्याचं रीळ वर्षानुवर्षं पेटीत पडून असेल तर तो कुजतो. दोन हातांत धरून झटका द्या. सहज तुटला तर दोष मशीनचा नाही.

५. चकत्यांमधला आणि बॉबिन केसमधला कचरा काढा. ब्रश वापरा. कापसाचा बारीक धुरळा तिथे घट्ट बसतो आणि चकत्या मिटू देत नाही.

६. तेल फक्त शिलाई मशीनचं. खोबरेल चालत नाही. ते कालांतराने चिकट होऊन मशीन जाम करतं.

७. एवढं झाल्यावरच वरच्या ताणाचा स्क्रू थोडा थोडा फिरवा. किती फिरवला ते लिहून ठेवा, म्हणजे परत येता येईल.

८. बॉबिन केसवरचा बारीक स्क्रू सगळ्यात शेवटी. केस दोऱ्याला टांगून धरा आणि हलका झटका द्या. थोडी खाली सरकून थांबली तर ताण ठीक आहे. सुळकन खाली आली तर ढिला, हललीच नाही तर घट्ट. हा स्क्रू एका वेळी अगदी जरासाच फिरवायचा.

आजीच्या मशीनचं काय झालं ते शेवटी सांगतो. तोवर सिंगरकडे परत.

पेटंटची लढाई, स्मार्टफोनसारखीच

१२ ऑगस्ट १८५१ ला सिंगरला पेटंट मिळालं. पण लगेच दारात एलियास हाऊ उभा राहिला. टोकाला भोक असलेली सुई आणि शटल, या जोडीने टाका घालायच्या पद्धतीचं पेटंट हाऊकडे १८४६ पासून होतं. त्याने सिंगरकडे २५,००० डॉलर मागितले. सिंगरने नाही म्हटलं. खटला चालला. सिंगरच्या बाजूने वॉल्टर हंट नावाच्या माणसाला शोधून काढलं. हंटने हाऊच्या आधीच असं मशीन केलं होतं, पण पेटंट घेतलंच नव्हतं. ती ढालही चालली नाही. १८५४ मध्ये सिंगरला १५,००० डॉलर मोजून तडजोड करावी लागली.

मग इतर कंपन्याही एकमेकांवर खटले भरू लागल्या, कारण एक संपूर्ण मशीन बनवायला सगळ्यांचीच पेटंटं लागत होती. १८५६ मध्ये त्यांनी पेटंटं एका टोपलीत टाकली. जो कोणी मशीन बनवेल त्याने ठरलेली रक्कम द्यायची, आणि ती पेटंटवाल्यांनी वाटून घ्यायची. तुमच्या फोनमधल्या व्हिडिओ फॉरमॅटची पेटंटं आज अशीच एकत्र करून परवान्याने दिली जातात. ती वाट या शिलाई मशीनवाल्यांनी पाडली.

ईएमआयची सुरुवात इथली

सिंगरचा भागीदार होता एडवर्ड क्लार्क. पेशाने वकील, स्वभावाने सिंगरच्या अगदी उलट. आणि झीबर? ज्याने ४० डॉलर दिले आणि दिवा धरला, त्याला सिंगर आणि क्लार्कने मिळून थोडक्या पैशांत भागीदारीतून बाहेर काढलं. फेल्प्सचंही तसंच झालं. पुढे उभ्या राहिलेल्या संपत्तीत त्यांचा वाटा नव्हता.

मशीनची किंमत तेव्हा १०० डॉलरच्या आसपास होती. साध्या कुटुंबाला ती झेपत नव्हती. १८५६ मध्ये क्लार्कने हप्त्यांची पद्धत सुरू केली. थोडे पैसे आधी द्या, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्याला फेडा. जुनं मशीन आणा, नव्यावर सूट घ्या, हीसुद्धा त्याचीच कल्पना. तुमच्यापैकी कितीजणांनी हा लेख हप्त्यावर किंवा एक्स्चेंज ऑफरमध्ये घेतलेल्या फोनवर उघडलाय? त्या व्यवहाराचे पणजोबा म्हणजे क्लार्कसाहेब.

याचा परिणाम केवढा होता ते एका मोजमापावरून कळतं. १८६१ च्या सुमारास व्हीलर अँड विल्सन या स्पर्धक कंपनीने वेळ लावून पाहिला. एक पुरुषी शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटं लागली, मशीनवर १ तास १६ मिनिटं.

त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडे या मशीनवर सैनिकांचे गणवेश शिवले जात होते, आणि अमेरिकेचा कापूस अडकल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगावची बाजारपेठ त्याच काळात वाढली. म्हणजे सिंगरचं मशीन आपल्याकडे यायच्या आधीच, ज्या युद्धाने त्याची विक्री वाढवली त्याच युद्धाने आपल्या शेतकऱ्याचा कापूसही वर चढवला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, हेही आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही.

घरातला सिंगर

इथे थोडं कडू सांगायला हवं. सिंगर चांगला नवरा नव्हता आणि प्रामाणिक तर नव्हताच. पहिलं लग्न मोडलेलं नसताना त्याने दुसरीबरोबर संसार मांडला, आणि त्याच शहरात वेगवेगळ्या नावांनी आणखी घरं केली. त्याची मुलं २० हून जास्त. १८६० मध्ये हे सगळं उघड झालं, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं आणि तो युरोपात निघून गेला. शिलाई मशीनमधला त्याचा रस बायकांचे कष्ट कमी करण्यात नव्हता, पैशांत होता, आणि ते त्याने लपवलंही नाही.

१८६३ मध्ये क्लार्कने भागीदारी मोडून सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी केली. आयझॅक कामकाजातून बाहेर पडला, पण त्याचे शेअर राहिले. त्याच वर्षी त्याने इझाबेला बॉयरशी लग्न केलं. शेवटची वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंटन गावात गेली. तिथे त्याने प्रचंड वाडा बांधायला काढला. तो पूर्ण होण्याआधीच २३ जुलै १८७५ ला तो वारला. वय ६३.

मशीन मात्र थांबलं नाही. १८८५ मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइडबँकमध्ये कंपनीचा अवाढव्य कारखाना सुरू झाला. हिंदुस्थानात सिंगरचे एजंट शहरोशहरी पोचले आणि हप्त्याची पद्धतही सोबत आली. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचं उषा मशीन आलं. सांगाडा ओळखीचाच होता, त्यामुळे वरची युक्ती उषावरही चालते.

गांधीजींना आवडलेलं मशीन

आता यातली सगळ्यात गमतीची गोष्ट. यंत्रांवर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ मध्ये एका संभाषणात एका यंत्राला सूट दिली होती, आणि ते होतं सिंगरचं शिलाई मशीन. त्यांच्या मते जगातल्या मोजक्या उपयोगी शोधांपैकी हा एक. बायको तासन्‌तास हाताने शिवते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी मशीन बनवलं, अशी कथा त्यांनी सांगितली.

तुम्ही आत्ता सिंगरचं चरित्र वाचलंत. ही कथा त्याला बसत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. ती बसते एलियास हाऊला. आजारपणात तो घरी होता आणि बायको शिवणकाम करून घर चालवत होती, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. त्याचं नशीब पालटायच्या आधीच ती क्षयाने गेली. कथा एकाची, नाव दुसऱ्याचं, कारण दुकानावर पाटी दुसऱ्याची होती.

म्हणून गांधीजींचा मुद्दा चुकीचा ठरतो का? मला तसं वाटत नाही. माणसाच्या हातातून काम काढून घेणारं यंत्र वेगळं आणि माणसाच्या हाताला जोर देणारं यंत्र वेगळं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला झालं, तेव्हा तिथे खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. विचार तोच. सिंगरने मशीन पैशांसाठी बनवलं असेल, पण धुळ्याच्या ओसरीत ते एका बाईच्या हाताचा जोर झालं. बनवणाऱ्याचा हेतू आणि वापरणाऱ्याचा उपयोग एकच असेल असं नसतं. तुमच्या हातातल्या फोनलाही हे लागू आहे.

तर आजीच्या मशीनचं काय झालं?

क्रमांक दोन आणि क्रमांक पाच. आजीची नजर कमी झाल्यामुळे शेजारची मुलगी दोरा ओवून देत होती, आणि ती पाय खाली ठेवूनच ओवायची. शिवाय चकत्यांमध्ये धुरळ्याचा एक घट्ट गोळा बसला होता. तो काढला, पाय उचलून दोरा ओवला, सुई नवी लावली. खर्च फक्त सुईचा.

पहिल्या चिंधीवर थोडे टाके पडले आणि दोरा तुटला. मला हसू आलं, कारण ही गोष्ट मला माहीत होती. रीळ जुनं होतं. नवं लावलं. आजीने चिंधी उलटी केली, नखाने टाक्यांवरून घासून पाहिलं आणि काही न बोलता साडी घडी करून कपाटात ठेवली.

तुमच्याही घरात असं एखादं मशीन साडीखाली झाकलेलं असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी कापड उलटं करून बघा. वेटोळी कुठल्या बाजूला आहेत? उत्तराची सुरुवात तिथूनच होते. लेख उपयोगी वाटला तर ज्याच्या घरी मशीन आहे अशा मित्राला नक्की पाठवा.